डिप्लोमसी: पाठिंबा केव्हा तुटतो आणि वाद घडवणारे इतर नियम

अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी १९५९ मध्ये स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती काढून विक्रीला आणलेला ‘डिप्लोमसी’ हा खेळ विसाव्या शतकाच्या आरंभीच्या युरोपच्या नकाशावर खेळला जातो. त्यात फासे नाहीत आणि नशिबाचा भाग जवळजवळ नाहीच. सात सत्ता आधी आपसांत बोलणी करतात, मग आपापल्या आज्ञा गुपचूप कागदावर लिहितात आणि सर्वांचे कागद एकदमच उघडले जातात. नियम थोडे असूनही वाद मात्र जवळपास प्रत्येक डावात होतात. माझ्या अनुभवात त्यांचे कारण बहुधा एकच असते: ज्या क्रमाने आज्ञा वाचल्या जातात त्याच क्रमाने त्या घडल्या, असे खेळाडू नकळत धरून चालतात. वस्तुतः सर्व आज्ञा एकाच क्षणी घडतात. म्हणून सर्व कागद वाचून होईपर्यंत पटावरील एकाही सोंगटीला हात लावू नये. आधी अशक्य आज्ञा बाद कराव्यात, मग तुटलेले पाठिंबे खोडावेत, नंतर प्रत्येक ठिकाणचे बळ मोजावे आणि सर्वांत शेवटी सोंगट्या हलवाव्यात.

बळाचा हिशेब सोपा आहे. फौज असो वा आरमार, प्रत्येकाचे बळ एक, आणि मिळालेल्या प्रत्येक पाठिंब्यामागे, म्हणजे स्वतः न हलता दुसऱ्या सोंगटीला मदत करण्याच्या आज्ञेमागे, त्यात एकाची भर पडते. बळ समान असेल तर कोणीच हलत नाही. चाल करणाऱ्याचे बळ जास्त असेल तरच समोरच्याला हुसकावता येते. पाठिंबा फक्त अशाच प्रांतासाठी देता येतो जिथे पाठिंबा देणाऱ्याला स्वतःला जाता आले असते. पाठिंबा देणाऱ्यावर हल्ला झाला की एरवी पाठिंबा तुटतो, म्हणजे मोजला जात नाही; खरा गुंता तो नेमका तुटतो केव्हा, इथे आहे.

एक प्रसंग पटावर मांडून पाहू. ऑस्ट्रियाची फौज टायरोलियातून व्हेनिसवर चालून जात आहे आणि ट्रिएस्टमधील ऑस्ट्रियन आरमार तिला पाठिंबा देत आहे. व्हेनिसमध्ये इटलीची फौज आहे. इटलीने तिला ट्रिएस्टवर हल्ला करण्याची आज्ञा दिली, तर ट्रिएस्टवर हल्ला झाला म्हणून पाठिंबा तुटला असे इटलीचा खेळाडू हमखास म्हणतो. तसे होत नाही. ज्या प्रांतावरील चालीला पाठिंबा दिलेला आहे त्याच प्रांतातून आलेला हल्ला तो पाठिंबा तोडू शकत नाही. ऑस्ट्रियाचे बळ दोन राहते आणि व्हेनिसची फौज हुसकावली जाते. आता इटलीने व्हेनिसची फौज जागीच ठेवून एड्रियाटिक समुद्रातील आरमार ट्रिएस्टवर धाडले असे समजा. हा हल्ला यशस्वी होत नाही, कारण तिथे बळ एकास एक आहे. पण तो दुसऱ्या प्रांतातून आलेला असल्यामुळे पाठिंबा तुटतो, टायरोलियाच्या फौजेचे बळ एकच उरते आणि व्हेनिस वाचते. म्हणजे पाठिंबा तोडण्यासाठी हल्ला जिंकावा लागत नाही, तो योग्य दिशेने यावा लागतो.

तिसरी शक्यता मला सर्वांत आवडते. व्हेनिसची फौज ट्रिएस्टवर जाते आणि या वेळी एड्रियाटिकमधील आरमार तिला पाठिंबा देते. दोनास एक या बळाने ट्रिएस्टचे आरमार हुसकावले जाते. पाठिंबा देणाराच हुसकावला गेला तर हल्ला कुठूनही आलेला असो, त्याचा पाठिंबा संपतो. मात्र व्हेनिस तोवर रिकामे झालेले असल्याने टायरोलियाची फौज एकट्याच्या बळावरही आत शिरते, आणि दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असे वाटते.

जागीच राहणाऱ्याला दिलेला पाठिंबा आणि चाल करणाऱ्याला दिलेला पाठिंबा हे दोन वेगळे प्रकार आहेत. एखाद्या फौजेने चाल केली, ती फसली आणि फौज जागीच राहिली, तरी ‘जागी राहण्यासाठी’ दिलेला पाठिंबा तिला लागू होत नाही. नवखे खेळाडू इथे हटकून फसतात.

आपल्याच सोंगटीला हुसकावता येत नाही, आणि त्यासाठी परक्याला मदतही करता येत नाही. फ्रान्सची फौज बर्गंडीत असताना जर्मनी रूरमधून बर्गंडीवर चालून आला आणि फ्रान्सच्याच मार्सेय येथील फौजेने त्याला पाठिंबा दिला, तर हुसकावण्याच्या हिशेबात तो पाठिंबा धरला जात नाही. म्युनिकमधील जर्मन फौजेनेही पाठिंबा दिला असेल तर मात्र बर्गंडी पडते, कारण तेव्हा जर्मनीचे स्वतःचे बळच दोन आहे.

हुसकावलेल्या सोंगटीच्या आज्ञेचे काय होते, हाही नेहमीचा प्रश्न आहे. तुर्कस्तानची फौज काळ्या समुद्रातील आरमाराच्या पाठिंब्याने बल्गेरियातून रोमानियावर जाते, मागोमाग कॉन्स्टँटिनोपलची तुर्की फौज बल्गेरियात येऊ पाहते आणि रोमानियातील रशियन फौजेची आज्ञा बल्गेरियावर जाण्याची आहे. रशियन फौज हुसकावली जाते आणि ज्या प्रांतातून तिच्यावर हल्ला आला त्या बल्गेरियावर तिच्या आज्ञेचा काहीही परिणाम होत नाही. कॉन्स्टँटिनोपलची फौज निर्वेध आत येते. रशियाने त्याऐवजी सर्बियावर चाल केली असती आणि ग्रीसमधून दुसरी फौजही सर्बियावर आली असती, तर हुसकावली जात असूनही रशियन फौजेने तिला सर्बियाबाहेर रोखले असते.

पुढचा प्रश्न माघारीचा. हल्लेखोर जिथून आला तिथे, व्यापलेल्या प्रांतात, किंवा त्याच फेरीत बरोबरी झाल्यामुळे रिकाम्या राहिलेल्या प्रांतात माघार घेता येत नाही. म्हणून वरच्या प्रसंगात सर्बिया रिकामा दिसत असूनही रशियन फौजेला बंद आहे. बुडापेस्ट, गॅलिशिया, युक्रेन किंवा सेव्हास्टोपोल मोकळे असतील तरच ती वाचते. दोन सोंगट्यांनी एकाच प्रांतात माघार लिहिली तर दोन्ही पटावरून जातात.

समुद्रातील आरमार फौजेला पलीकडे पोहोचवते तेव्हा त्या आरमारावर नुसता हल्ला झाल्याने वाहतूक मोडत नाही. आरमार हुसकावले गेले तरच मोडते. यॉर्कशायरची फौज उत्तर समुद्रातून नॉर्वेला जात असताना डेन्मार्कच्या आरमाराने उत्तर समुद्रावर एकट्याने हल्ला केला, तर फौज खुशाल पोहोचते. स्कॅगरॅकमधून त्याला पाठिंबा मिळाला आणि उत्तर समुद्राला कोणाचाच आधार नसला, तर फौज यॉर्कशायरमध्येच राहते आणि नॉर्वेवर तिचा काहीही प्रभाव पडत नाही. एक चक्रावणारा अपवाद लक्षात ठेवावा. ब्रेस्टची फ्रेंच फौज इंग्लिश खाडीतून लंडनवर उतरत आहे आणि लंडनमधील इंग्रज आरमार उत्तर समुद्रातून त्याच खाडीवर होणाऱ्या चालीला पाठिंबा देत आहे. इथे फौजेने लंडनचा पाठिंबा तोडावा म्हटले तर ती पोहोचायला हवी, आणि तो पाठिंबा टिकला तर ती पोहोचतच नाही. नियम हा पेच स्पष्टपणे सोडवतो: स्वतःला वाहून नेणाऱ्या आरमारावरील हल्ल्याचा पाठिंबा वाहून आणलेल्या फौजेला तोडता येत नाही.

किनाऱ्यांच्या बाबतीत माझीच एक चूक सांगतो. मी इटली खेळत असताना रोममधील आरमाराला व्हेनिसकडे धाडले, कारण नकाशावर दोन्ही प्रांत एकमेकांना लागून आहेत. पण एकाचा किनारा पश्चिमेला, तर दुसऱ्याचा पूर्वेला. फौज जाऊ शकते, आरमार नाही, आणि जिथे जाता येत नाही तिथे पाठिंबाही देता येत नाही. अंकारा आणि स्मिर्ना यांचेही तसेच. स्पेन, बल्गेरिया आणि सेंट पीटर्सबर्ग यांना दोन स्वतंत्र किनारे आहेत. मिड-अटलांटिकमधून स्पेनला जाताना उत्तर की दक्षिण हे लिहिले नाही तर आरमार हलत नाही. पाठिंब्याला मात्र हे बंधन नाही: मार्सेयच्या आरमाराला स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर जाता येत नाही, पण तिथे उतरणाऱ्या आरमाराला ते पाठिंबा देऊ शकते. किल आणि कॉन्स्टँटिनोपल यांचा किनारा एकच धरला जातो, त्यामुळे आरमार एका बाजूने शिरून पुढच्या फेरीत दुसऱ्या बाजूने निघू शकते.

पटावरील ३४ पुरवठा केंद्रांची (ज्यांच्या संख्येवर प्रत्येकाच्या सोंगट्या ठरतात अशा प्रांतांची) मालकी फक्त शरद ऋतूच्या फेरीअखेर, माघारी आटोपल्यावर बदलते. वसंतात एखादे केंद्र घेऊन शरदात ते रिकामे सोडले तर ते आधीच्याच मालकाचे राहते. आपण जिंकलेल्या परक्या केंद्रात नवी सोंगटी उभारता येत नाही. त्यासाठी मूळचे, अजून आपल्याच ताब्यातले आणि त्या क्षणी रिकामे असलेले केंद्र लागते. म्हणून चार नवी केंद्रे जिंकलेल्या खेळाडूच्या घरच्या तिन्ही केंद्रांत त्याच्याच फौजा बसून असतील, तर त्या वर्षी त्याला एकही सोंगटी मिळत नाही.