हत्तीपाय झालेल्या पायाची घरी काळजी कशी घ्यायची
गडचिरोली, चंद्रपूरकडे हत्तीपायाचे पेशंट बरेच, आणि जुनी सूज पूर्ण जात नाही हे खरं असलं तरी पाय रोज नीट धुतला तर ते ताप नि ठणक्याचे अटॅक खूप कमी होतात हो. साधा साबण, साधं पाणी, बोटांच्या बेचक्या नि कातडीच्या घड्या हळूच धुवायच्या, मग सुती कापडाने टिपून अगदी कोरडं करायचं (इथेच सगळे घाई करतात). बसताना पाय वर, शेतात चप्पल. अटॅक आला तर थंड पाण्याचं फडकं ठेवा, मालिश अजिबात नको, दवाखान्यात जा. आणि आशाताई हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन आली की घरातल्या धडधाकट माणसांनीही जेवून तिच्यासमोरच गिळायच्या, कारण हा रोग जंतामुळे होतो, नि धडधाकट दिसणाऱ्याच्याही रक्तात असू शकणारी त्या जंताची पिल्लं डासांमार्फतच दुसऱ्याकडे जातात.