थंडीत पाटावर गळ टाकायचा तर

माझा धंदा पाण्याच्या जळालेल्या मोटरींचं वायंडिंग भरायचा. पाटाला पाणी सुटलं की विहिरीवरच्या मोटरी बंद राहतात, जळत नाहीत आणि माझं दुकान रिकामं होतं. अशा रिकाम्या दिवसांत मी काठी घेऊन आमच्या खानदेशातल्या जामदा डाव्या कालव्यावर, म्हणजे पाटावर, जाऊन बसायचो. चार हिवाळे बसलो. जाणारा-येणारा सायकल थांबवून विचारायचा, "काय भो, लागनं का काही?" काही लागलेलं नसायचं. मी समजायचो, थंडीत मासा खातच नाही. खरी गोष्ट अशी की मी चुकीच्या दिवशी बसत होतो.

म्हणून काठी, दोरी, आमिष यांच्याआधी आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी सोडायची पाळी, समजून घ्या. गिरणा धरण 1969 सालचं, पण जामदा बंधारा त्याच्याही आधीचा, इंग्रजांच्या काळातला. धरणातून नदीत सोडलेलं पाणी जामद्याला अडतं आणि तिथून पाटात येतं. रब्बीत धरणात साठा असेल तशी दोन-तीन आवर्तनं मिळतात. पाणी जोरात चालू असतं तेव्हा मासा धारेशी झुंजत बसत नाही. थंडीत त्याच्या अंगात तेवढा जोरच नसतो. तो काठच्या गवतात, मोरीच्या आडोशाला दबून राहतो. आवर्तन बंद झालं की पाणी ओसरतं आणि मागं डोह राहतात: फॉलच्या खाली (पाटाचा तळ एकदम उतरतो तिथं), सायफनच्या तोंडाशी (पाट नाल्याखालून जातो तिथं), वळणावर जिथं भराव खचलाय तिथं. मैलभर पसरलेला मासा अशा पाच-सहा खड्ड्यांत गोळा होतो. पाणी बंद झाल्यावर पहिला दिवस सोडा, तेव्हा ते गढूळ असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठवडाभर बसा. पाणी कधी बंद होणार हे पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाला, विचारावं. चहा पाजावा, तो सांगतो. आणि पुन्हा कधी सुटणार हेही त्याच वेळी विचारून ठेवावं, त्याचं कारण पुढं येईल.

आता थंडीचं. आमच्याकडं उन्हाळ्यात अंगाची लाही होते म्हणून बाहेरच्यांना वाटतं की खानदेशात थंडी नसते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि पहाटे दादर ज्वारीच्या शेतात उभं राहवत नाही. माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं. पाणी गारठलं की त्याचं पचन मंदावतं. एका भोई काकांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, "मासा झोपेल नही शे, त्याले भूक नही शे." सगळ्यांत आधी चिलापी तोंड मिटते, तिला गारठा अजिबात सोसत नाही. रोहू-कटलाही सुस्तावतात. सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र थंड मुलखातला, तो कमी खातो पण खातो. तळाला तोंड लावून फिरणारा मृगळ आणि मिशावाला शिंगाळा दुपारच्या उन्हात हलतात. तेव्हा जानेवारीत भरवसा सायप्रिनसवर ठेवा, बाकीचे आले तर आले.

वेळ साडेदहा ते चार. पहाटे पाचला जाऊन कुडकुडत बसण्यात काही पुरुषार्थ नाही, तो उन्हाळ्याचा रिवाज आहे. त्यातल्या त्यात उत्तम दिवस म्हणजे दोन-तीन दिवस आभाळ भरून आलेलं असतं तो. ढगांमुळं रात्रीचा गारठा कमी पडतो आणि पाणी फार गारठत नाही. हरभरेवाला अशा हवेत घाटेअळीच्या धास्तीनं कपाळाला हात लावतो, आणि मी काठी काढतो. वाईट वाटतं, पण काढतो.

बसायचं कुठं? पाट पूर्व-पश्चिम वाहत असेल तर उत्तरेच्या काठावर, दक्षिणेकडं तोंड करून. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दक्षिण काठच्या बाभळींची आणि भरावाची सावली त्या बाजूच्या पाण्यावर दिवसभर पडते, ऊन मिळतं ते उत्तर काठाजवळच्या पाण्याला. मासा तिथंच येतो. शिवाय तुमची सावली तुमच्या मागं पडते, पाण्यात नाही, आणि सातपुड्याकडून येणारा वारा पाठीमागच्या भरावावर अडतो. तोटा एकच, ऊन डोळ्यांत येतं. टोपी घाला आणि तरंग्याचं (दोरीला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचं) टोक काळं रंगवा. चकाकणाऱ्या पाण्यावर लाल-पिवळ्यापेक्षा काळं चांगलं दिसतं.

काठी मी मानवेल बांबूची वापरतो, चौदा फुटांची. भरीव असते, वाकते पण मोडत नाही. कापून आणली की दोन महिने सावलीत आडवी टांगून वाळवायची, उभी टेकवली तर कमान धरते. वाकडे पेर मंद आचेवर शेकून सरळ करायचे. घडीची फायबरची काठी आता ऑनलाईन मिळते, वजनाला हलकी असते. तीही चालेल, पण तिच्यावर 'कार्बन' लिहिलेलं असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. कार्बनमधून वीज वाहते. पाटाच्या कडेनं शेतीच्या 11 केव्हीच्या लाईनी जातात आणि कित्येक ठिकाणी तारा झोळासारख्या लोंबतात. तारेला काठी टेकायचीसुद्धा गरज नसते, जवळ गेली तरी पुरतं. ओला बांबूही सुरक्षित नाही. माझं आयुष्य विजेच्या कामात गेलंय म्हणून सांगतो: डोक्यावर तार असेल तिथं बसूच नका, आणि तारेखालून जाताना काठी खांद्यावर उभी न धरता घडी करून किंवा जमिनीलगत आडवी न्या.

या प्रकारात रीळ नसते. दोरी थेट काठीच्या शेंड्याला बांधलेली. तिची लांबी काठीपेक्षा हातभर कमी ठेवा, म्हणजे काठी उभी केली की गळ आपोआप हातात येतो. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बारीक घ्या: मुख्य दोरी 0.16 मिलिमीटर आणि गळाजवळचा वीतभर तुकडा 0.12. उन्हाळ्यात लोक वापरतात ती जाड दोरी थंडीच्या नितळ पाण्यात माशाला सुतळीसारखी दिसते. बारीक तुकड्याचा आणखी एक फायदा, अडकलं तर तेवढाच तुटतो, तरंगा वाचतो. गळ 16 नंबरचा. गळाचा नंबर वाढतो तसा तो लहान होतो, दुकानात गोंधळू नका. (आमच्याकडं बोलताना ळ चा य होतो, तेव्हा दुकानदारानं "गय पायजे का?" विचारलं तर हो म्हणा.)

शेंडा आणि दोरी यांच्यामध्ये मी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी चार बोटं बांधतो. मासा झटका देतो तेव्हा आधी रबर ताणतं, तंगूस नाही. ही अक्कल मला एक किलोभर सायप्रिनस गमावल्यावर आली. तो लागला, पळाला, आणि मी घाबरून काठी त्याच्या दिशेनं आडवी केली. काठी आणि दोरी एका रेषेत आली की काठीचा वाक संपतो, सगळा ताण दोरीवर जातो. टिक् असा आवाज झाला आणि संपलं. काठी कायम उभी धरा, मासा डावीकडं गेला तर काठी उजवीकडं झुकवा, दमू द्या. घाई नको. थंडीतला मासा तसाही फार वेळ भांडत नाही.

तरंगा मोरपिसाच्या देठाचा. आमच्या शिवारात मोर भरपूर, गळून पडलेली पिसं बांधावर सापडतात, त्यातलं एक उचलायचं. देठाचा बोटभर तुकडा, दोन्ही टोकं मोटरीच्या व्हार्निशमध्ये बुडवून वाळवलेली. पाणी शिरत नाही. पीस नसेल तर ज्वारीच्या धांड्याचा गाभा वापरा, तो एक-दोन दिवस टिकतो. वजनासाठी शिशाचे दाणे मिळतात, पण मी वायंडिंगची तांब्याची तार गळापासून वीतभर वर दोरीवर गुंडाळतो. एकेक वेढा कमी-जास्त करता येतो, शिशात ती सोय नाही. वेढे इतके वाढवा की तरंग्याचं फक्त तांदळाएवढं टोक पाण्याबाहेर राहील. जास्त टोक बाहेर ठेवलंत तर थंडीतला मासा आमिष तोंडात घेऊन, चव बघून, थुंकून जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

मग थाव घ्या. गळाला एक जड नट अडकवून पाण्यात सोडा आणि तरंगा वर-खाली सरकवत तळ किती खोल ते मोजा. जागोजागी मोजा, आळस करू नका. आमिष तळाला जेमतेम टेकलं पाहिजे. थंडीत मासा वर येत नाही, त्याच्या तोंडाशीच न्यावं लागतं. उतार संपून तळ सपाट होतो ती रेघ सापडली की जागा सापडली.

आमिष म्हणजे गांडूळ, तेही अर्धं. केळीच्या बागेत कापलेल्या खोडांचा ढीग असतो, त्याखाली ओल्या मातीत हवी तेवढी मिळतात. बागवाल्याला विचारून घ्या. कणकेची गोळी उन्हाळ्यात बरी, आता ती मुगाच्या दाण्याएवढी करा, नाहीतर करूच नका. चारा टाकण्यात मात्र सगळे चुकतात. भुईमुगाची ढेप कुटून, थोडं भाजलेलं ज्वारीचं पीठ आणि काठची माती मिसळून सुपारीएवढी गोळी करायची. बसल्यावर एक, मग वीस मिनिटांनी एक. बस. मूठमूठ फेकलंत तर दोन घासांत त्यांचं पोट भरतं आणि तुमचं गांडूळ संध्याकाळपर्यंत लोळत पडतं.

तरंगा बुडण्याची वाट पाहू नका. थंडीत तो क्वचितच बुडतो. कधी जरासा वर उचलला जातो, कधी सावकाश बाजूला सरकतो, कधी नुसता थरथरून थांबतो. सरकला की मनगट वर, हातभर नाही, चार बोटं. तासभर काही झालं नाही तर जागा बदलण्याआधी आमिष दोन हात डावी-उजवीकडं टाकून बघा. माझा अनुभव असा की मासे असतात तिथं घोळक्यानं दाटून असतात, आणि आपण त्यांच्यापासून एका काठीच्या अंतरावर बसून उपाशी राहतो.

जिवाचं थोडं. अस्तर केलेल्या पाटाचा उतार शेवाळानं तेलासारखा गुळगुळीत होतो. पाणी चालू असताना आत घसरलेला माणूस पोहता येत असूनही वर येत नाही, पकडायला काही नसतं. पाणी सुटण्याची तारीख विचारून ठेवा म्हटलं ते यासाठी. जाडसर दोर झाडाला बांधून काठावर सोडून ठेवा, गेट आणि सायफनच्या तोंडाशी लहान मुलांना नेऊ नका. दुपारी घोणस उन्हाला येऊन पडते, बसण्याआधी गवतावर काठी आपटा. चारनंतर आवरा. गिरणेच्या पट्ट्यात बिबट्या आहे.

बोटाएवढी पिल्लं हात ओला करून परत सोडा. कुठं कुणाचा मासेमारीचा ठेका आहे हे गावातल्या भोई मंडळींना आधी विचारा, त्यांचं पोट त्यावर आहे.

एवढं सगळं शिकल्यावर माझी अडचण वेगळीच झालीय. पाटाचं पाणी बंद झालं की मासा लागायला लागतो, आणि त्याच दिवसापासून विहिरीवरच्या मोटरी चालू होऊन जळायला लागतात. दुपारी दोनला, तरंगा नुकताच सरकायला लागलेला असतो आणि खिशातला फोन वाजतो, "दादा, दुकान बंद का शे?"