वाचलेलं टिकायला लागलं ते असं

शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात एमएस्सी करताना माझी अडचण वेळेची नव्हती. वाचलेलं आठवड्याभरात पुसलं जायचं, ही होती. उपाय सापडला तो पुस्तक मिटण्यात. एक प्रकरण वाचायचं, पुस्तक बंद करायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिहायचं, अभिक्रियासुद्धा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरायचं. दुसऱ्या दिवशीचा अभ्यास त्या लाल ओळींपासूनच सुरू.

पहिल्यांदा निम्मा कागद कोरा राहतो, जीव मेटाकुटीला येतो. पण ही ओढाताणच आठवण पक्की करते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे. त्यामुळे पुन्हा वाचताना ‘येतंय की सगळं’ वाटलं, तरी त्यावर विसंबू नका.

अभ्यासाच्या वेळात मोबाईल रूम पार्टनरकडे. सकाळी रंकाळ्यावर फेरी मारताना कालचा कागद मनातल्या मनात म्हणून बघायचा, अडेल तिथं खूण लक्षात ठेवायची. गणितं मात्र अशी होत नाहीत, ती हातानं सोडवावीच लागतात.