पहिला आकडा पेन्सिलीनं लिहायचा

मी कराडचा. दिवसा पतसंस्थेत नोकरी, रोजकीर्द पेनानं लिहितो. घरी एक दोनशेपानी वही आहे, ती मात्र पेन्सिलीनं लिहितो. मोठा भूकंप झाला की तारीख, वेळ, जागा, खोली आणि तीव्रता त्या वहीत जाते. शेजारी खोडरबर लागतोच. हा नाद कसा लागला असं नवीन मुलं विचारतात. कोयनेच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तो लागायला फार कारण लागत नाही. 11 डिसेंबर 1967 ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट आमच्या आजीनं पाटणला काढली होती. मांडणीवरची भांडी वाजली की ती नंतरही आधी दाराकडे बघायची, मग आमच्याकडे.

हौसेनं भूकंप बघायला सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी भूभौतिकशास्त्रज्ञ नाही, कॉमर्सचा पदवीधर आहे. तेव्हा जे चुकत चुकत शिकलो तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, यंत्र लगेच घेऊ नका. वर्षभर नुसतं वाचा. अमेरिकेची यूएसजीएस, जर्मनीची जीएफझेड, युरोपची ईएमएससी आणि आपलं दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र, भूकंप नोंदवणाऱ्या या चार संस्थांची पानं एकाच भूकंपासाठी शेजारी शेजारी उघडून बघा. आकडे जुळत नाहीत हे पहिल्याच दिवशी कळेल. जागतिक पानांवरच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. हे डोक्यात बसेपर्यंत निम्म्या नोंदी चुकतात, माझ्याही चुकल्या.

खोलीचा रकाना तर फसवाच. 'खोली 10 किमी' असं इतक्या भूकंपांपुढे दिसेल की पृथ्वी दहा किलोमीटरवरच फुटते की काय असं वाटावं. पुष्कळदा ती मोजलेली खोली नसते. जवळ पुरेशी नोंदणी केंद्रं नसली की गणित सुटावं म्हणून तिथं ठरावीक आकडा धरतात. नंतर नीट खोली आली की तो बदलतो. मी सहा महिने या दहांचा तक्ता करत बसलो होतो.

यंत्र पुढं घेतलं. रास्पबेरी शेक नावाचं हाताएवढं खोकं, आत जमिनीची थरथर टिपणारा जिओफोन. आधी माळ्यावर ठेवलं, तर वाऱ्यानं घर हलतं ते दिसायला लागलं. मग तळमजल्यावर, कोठीच्या खोलीत, थेट फरशीवर. तरीही गळीत हंगामात उसाची ट्रॉली गेली की पडद्यावरची नोंदीची पट्टी काळी होते. रोज दहा ते एक या वेळात मात्र 24 हर्ट्झवर एक सरळ रेघ यायची. पंधरा दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं, शेजारची पिठाची गिरणी! मोटरच्या पाटीवर 1440 आरपीएम लिहिलंय. साठानं भागा, 24 येतात. आपल्या गल्लीचा आवाज ओळखता आल्याशिवाय जपानच्या लाटा ओळखू येत नाहीत.

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. भूकंपाची आधी वेगवान पी लाट येते, मागून सावकाश एस. दोन्हींतलं अंतर सेकंदांत घ्यायचं, आठानं गुणायचं, की किलोमीटर मिळतात. हा नियम कोयनेच्या धक्क्यांना छान चालायचा. 6 फेब्रुवारी 2023 ला सकाळी सातच्या आत माझी पट्टी थरथरायला लागली. पी आणि एसमध्ये जवळपास सहा मिनिटं. गुणाकार केला, अठ्ठावीसशे किलोमीटर. नकाशा काढला आणि मित्रांच्या ग्रुपवर ठोकून दिलं, 'इराणमध्ये मोठा भूकंप.' तो होता तुर्कस्तानात, सव्वाचार हजार किलोमीटरवर. आठाचा नियम काही शे किलोमीटरपर्यंतच. त्यापुढं लाटा खोल जाऊन वेगानं वळून येतात, तिथं प्रवासवेळेचे तक्तेच बघावे लागतात. मी ग्रुपवर माफी मागेपर्यंत माझा 'इराण' आणखी तीन ग्रुपवर गेला होता.

तिथून पेन्सिल आली.

त्सुनामीकडे वळलात की या पेन्सिलीची किंमत कळते. 30 जुलै 2025 चीच गोष्ट घ्या. आपल्याकडे पहाटेचे 4 वाजून 54 मिनिटं, रशियाचा कामचात्का. फोन वाजला तेव्हा यूएसजीएसचा आकडा होता 8.0. तो लिहिला. माझ्या कोठीतल्या यंत्रावर पी लाट पोचली पाच वाजून सहा-सात मिनिटांनी, आठ हजार किलोमीटर पार करून. चहा होईपर्यंत 8.0 खोडून 8.7 केला, पुढं 8.8. आता 8.0 आणि 8.8 यांत फरक पॉइंट आठचा दिसतो, पण ऊर्जा साधारण सोळापट! आमच्या संस्थेत ताळेबंदात सोळापट फरक निघाला तर चौकशी बसेल.

यात हलगर्जीपणा कुणाचा नसतो. प्रचंड भूकंपात भेग एका क्षणात फुटत नाही. 2004 च्या सुमात्रा भूकंपात ती साधारण तेराशे किलोमीटर फाटत गेली, आठ-दहा मिनिटं लागली. पहिला अंदाज ज्या जलद लाटांवरून काढतात त्यांना एवढा मोठा पसारा कळतच नाही. खरा आकार सांगणाऱ्या संथ लाटा जमायला वेळ लागतो. म्हणून सुमात्राच्या त्या दिवशी हवाईतल्या त्सुनामी इशारा केंद्राचा पहिला आकडा 8.0 होता, शेवटी ठरला 9.1. जपानमध्ये 11 मार्च 2011 ला सुरुवात 7.9 पासून झाली, शेवट 9.0 वर. तिथं मात्र त्या पहिल्या आकड्यावरच काही किनाऱ्यांना तीन मीटरच्या लाटेचा इशारा गेला होता. आली त्याच्या कितीतरी पट. मोठ्या भूकंपाचा पहिला आकडा लहान निघाला तर ते फार महागात पडतं.

उलटंही घडतं. 11 एप्रिल 2012, दुपारी दोन वाजून आठ मिनिटं, पुन्हा सुमात्राचा समुद्र, 8.6. चेन्नईपर्यंत इमारती हलल्या, किनारे रिकामे केले. लाट आली जेमतेम मीटरभर. कारण इथं तळ वरखाली झालाच नाही. दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या. पाणी वर उचललं जायला तळ उचलला जावा लागतो. म्हणून तीव्रतेनंतर लगेच बघायचं ते काळ्यापांढऱ्या चेंडूचं चित्र, भेग कशी सरकली ते सांगणारं. नवीन लोक त्याला शोभेचं समजून पुढं जातात. एक आठवडा फक्त हे चेंडू ओळखायला शिका, बाकी सगळं मागून येईल.

पण शेवटी साक्ष पाण्याचीच. खोल समुद्रात डार्ट नावाचे तरंगते बोये आहेत, त्यांचे दाबमापक तळाशी बसलेले असतात. तिथं दिसणारी त्सुनामी बहुधा सेंटिमीटरांत मोजायची असते. भूकंपानंतर काही मिनिटांतच त्यांच्या आलेखात दातेरी उड्या दिसल्या की हुरळू नका. ती लाट नव्हे, तो तळच हादरतोय. चार हजार मीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास धावते. अंतर काढा, भागाकार करा, आणि त्या वेळेला येणारी संथ, लांब, फुगीर रेघ शोधा. कामचात्काच्या वेळी हवाईच्या काहुलुई बंदरात ती पावणेदोन मीटरच्या आसपास गेली. कॅलिफोर्नियाच्या क्रेसंट सिटीत पाणी तर दुसऱ्या दिवशीही वरखाली होत होतं. त्या बंदराची ठेवणच अशी आहे. पहिली लाट सगळ्यात मोठी असते हा समजही तिथल्या आलेखावर बघून मोडून घ्या.

त्या सकाळी हर्णैहून मामेभावाचा फोन आला. "दादा, रशियाची लाट इकडं येणार म्हणतात. मासेमारीच्या बंदीमुळं होडी वरच शाकारून ठेवलीय, अजून वर घेऊ का?" माझ्याकडे नकाशे होते, आलेख होते, मोह झालाच. पण मी एवढंच म्हणालो, "हैदराबादच्या इन्कॉइसनं भारताला धोका नाही म्हटलंय. होडी राहू दे तिथंच." त्सुनामीचा इशारा द्यायचं काम त्यांचं, 2007 पासून ते केंद्र चालू आहे. आपण हौशी लोकांनी त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं आणि विचारणाऱ्याला ते जसंच्या तसं सांगायचं. 'मला वाटतं' हे शब्द वहीत ठेवायचे, फोनवर नाही. आणि ग्रहांच्या युतीवरून भूकंपाच्या तारखा सांगणाऱ्यांशी वाद घालत बसू नका, रात्र जाते.

अरबी समुद्राला मात्र हसण्यावारी नेऊ नका. 1945 च्या 28 नोव्हेंबरला पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यावर 8.1 चा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईतही पाणी चढलं, माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. मामेभावाला हे त्याच दिवशी सांगितलं नाही, दिवाळीत निवांत सांगितलं.

ज्यांना यात शिक्षणच करायचंय त्यांनी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये, पुढं भूभौतिकशास्त्रात एमएस्सी करता येतं. आमच्या कराडजवळ हजारमाचीलाच केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, कोयनेच्या खडकात तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास करणारी. मला ती कॉलेजात असताना मिळायला हवी होती.

बाकीच्यांना आजपासून करता येईल असं एकच काम सांगतो. भरतीमापकाचे आलेख मोफत दिसतात, त्यातलं एक बंदर निवडा आणि काहीही घडत नसताना महिनाभर रोज पाच मिनिटं बघा. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीची भांग, वाऱ्यानं आलेली खरखर, यंत्र बंद पडल्याची सपाट रेघ. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. त्या चढउतारात अर्ध्या मीटरची लाट कुठं लपेल, ते बोटानं दाखवता आलं की यंत्राचे पैसे साठवायला लागा.