अतिउच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोवर काम करायचंय? आधी प्रोटॉन शिका

एम.एस्सी.च्या प्रकल्पात माझं पहिलं उत्तर आलं ते छापील आलेखाच्या जेमतेम एक दशांश. १०० कोटी जीईव्ही (गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही क्वचितच धडकणारा विद्युतभार नसलेला कण, प्रोटॉन-न्यूट्रॉनला धडकण्याची शक्यता, म्हणजे क्रॉस सेक्शन, काढायचं होतं. गणेशोत्सवाच्या सुट्टीत खानापूरजवळच्या घरी बसून आठ दिवस सूत्र तपासलं. या धडकेत मध्यस्थ असणाऱ्या डब्ल्यू बोसॉन या कणाचं वस्तुमान बरोबर, एककंही बरोबर. आई विचारायची, "काय करालीस गं इतकं?" सांगता येत नव्हतं.

चूक सूत्रात नव्हतीच. प्रोटॉनच्या संवेगाचा किती हिस्सा त्याच्या आतल्या एका क्वार्क या कणाकडे आहे, त्याला एक्स म्हणतात. मी शून्य ते एकमध्ये समान अंतरावर हजार बिंदू घेतले होते, म्हणजे पहिलाच बिंदू ०.००१ वर. पण या ऊर्जेला धडक होते ती एक्स साधारण ०.०००००३ च्या आसपास असलेल्या क्वार्कशी. भाताचा अंदाज बांधावर उभं राहून घेतल्यासारखं झालं. पीक सगळं आत. बिंदू लॉगरिदमच्या अंतराने, म्हणजे लहान एक्सकडे दाट, मांडले आणि त्याच संध्याकाळी उत्तर जागेवर आलं.

म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडून या विषयात येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: न्यूट्रिनोच्या बाजूचं गणित सोपं आहे. त्याची अन् डब्ल्यू-झेड या बोसॉनांची गाठ कशी पडते ते पक्कं माहीत आहे. अवघड आहे तो प्रोटॉन. लहान एक्सकडे जाल तसे त्यात ग्लुऑन (क्वार्कांना बांधून ठेवणारे कण) आणि समुद्री क्वार्क (ग्लुऑनमधून क्षणभर उपजणाऱ्या क्वार्क-जोड्या) वाढत जातात. हॅम्बुर्गच्या हेरा यंत्राने (१९९२ ते २००७) इलेक्ट्रॉन-प्रोटॉन धडकांतून ते मोजले, पण आपल्याला लागणाऱ्या टोकापर्यंत ती मोजणी पोचत नाही. तिथून पुढे डीजीएलएपी समीकरणांनी (मोजलेल्या वाटपावरून पुढचं काढून देणारी) जावं लागतं. फार दाटी झाल्यावर ग्लुऑन एकमेकांत विलीन होऊन वाढ मंदावेल का, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे नुसता आकडा देऊ नका, अनिश्चिततेचा पट्टाही काढा. माझ्या मते या कामातला प्रामाणिकपणा त्या पट्ट्यात दिसतो.

वाचायला सुरुवात गांधी, क्विग, रेनो आणि सार्सेव्हिक यांच्या १९९६ च्या लेखापासून करा, मग कूपर-सरकार, मर्टश आणि सरकार यांचा २०११ चा. दोन्ही अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिल्यातली प्रत्येक आकृती स्वतः काढून बघा. त्यात माझे तीन महिने गेले आणि ते सत्कारणी लागले.

भाषेचंही बोलते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सगळं इंग्रजीत. पहिलं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. उपयोगी पडली ती एक वही: इंग्रजीत वाचलेली प्रत्येक सूत्राची व्युत्पत्ती मी रात्री मराठीत लिहायची. जिथे वाक्य अडायचं, तिथे मला कळलेलंच नसायचं. पुढे एम.एस्सी.ला कुणी धारवाडला जातं, कुणी कोल्हापूरला. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीचाही प्रयत्न करा. पीएच.डी.साठी जेस्ट, गेट, नेट या परीक्षा आहेत.

घरचे विचारतात, हे खरं आहे हे कशावरून? पृथ्वीच उत्तर देते. साधारण ४० टीईव्हीच्या (१ टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) वर आरपार येणारे न्यूट्रिनो तिच्यातच अडू लागतात. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातल्या आइसक्यूब या न्यूट्रिनो टिपणाऱ्या यंत्रणेने खालून किती कमी येतात ते मोजून २०१७ मध्ये क्रॉस सेक्शन काढलं, ते सिद्धान्ताशी जुळलं. भूमध्य समुद्रातल्या केएम३नेट या तशाच यंत्रणेला फेब्रुवारी २०२३ मध्ये एक घटना दिसली. त्या न्यूट्रिनोची अंदाजे ऊर्जा २२० पीईव्ही (१ पीईव्ही म्हणजे हजार टीईव्ही). आणि आपल्याच राज्यात, कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, १९६५ साली वातावरणातल्या न्यूट्रिनोच्या खुणा पहिल्यांदा सापडल्या, त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतही. हे मला कॉलेजात कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

सुरुवातीला जुना लॅपटॉप, पायथन आणि फुकट मिळणारी एलएचएपीडीएफ लायब्ररी (प्रोटॉनमधल्या क्वार्क-ग्लुऑनचं वाटप देणारी) एवढं पुरे. आपला प्रोग्राम आधी १०० जीईव्हीला चालवा. तिथे प्रयोगशाळेतली मोजमापं आहेत: विद्युतभारित प्रवाहासाठी (डब्ल्यूमार्फत होणारी धडक) दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) सुमारे ६.८ गुणिले १० चा उणे ३७ वा घात, चौरस सेंटिमीटरमध्ये. ते जुळेपर्यंत वरच्या ऊर्जेला हात लावू नका. जुळलं की एक्सचे बिंदू दुप्पट करून पुन्हा चालवा; उत्तर हललं तर ग्रिड अजून विरळ आहे.