रग्बी पाहताना चेंडूमागे डोळे पळवू नका: नव्या प्रेक्षकांनी टाळायच्या चुका

इंदूरच्या मराठी घरांना खेळाचं वेड नवं नाही. होळकर संघाचं क्रिकेट पाहिलेली पिढी इथे होऊन गेली, मल्लखांब आणि कबड्डी तर गल्लीतलीच. त्यामुळे टीव्हीवर रग्बी लागली की लोक उत्सुकतेने बसतात. आमच्या लोकमान्यनगरात शनिवारी चार-सहा जण एकत्र सामना पाहतो. नवा माणूस आला की पहिली दहा मिनिटं टक लावून बघतो आणि विसाव्या मिनिटाला म्हणतो, "नुसते एकमेकांवर पडतायत. कळत काही नाही, क्रिकेट लावा."

खेळ चांगला आहे, माणूसही हुशार आहे, फक्त नजर भलत्या जागी अडकलेली असते. हे इतक्या जणांच्या बाबतीत घडतं की त्या चुका एकदा नीट सांगाव्यात असं वाटलं.

कोणती रग्बी चालू आहे हे न पाहता बसणं

मोबाइलवर एक क्लिप पाहिलेली असते, टीव्हीवर वेगळाच सामना असतो, आणि दोन्हींचे नियम डोक्यात कालवले जातात. म्हणून आधी खेळाडू मोजा. १५-१५ असतील तर ती रग्बी युनियन: ४०-४० मिनिटांचे दोन भाग. १९८७ पासूनचा वर्ल्ड कप आणि सहा युरोपीय संघांची सिक्स नेशन्स स्पर्धा याच प्रकारातल्या. ७-७ असतील तर सेव्हन्स. मैदान तेवढंच मोठं, पण भाग सात-सात मिनिटांचे. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार असतो. रिओला फिजीने त्यात जिंकलेलं सुवर्ण हे त्या देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला झालेली आपली पहिली रग्बी प्रीमियर लीगही सेव्हन्सचीच होती.

१३-१३ दिसले तर ती रग्बी लीग. तिथे पाडलेला खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे जातो. सहा टॅकल (चेंडूवाल्याला पकडून पाडणं) झाले की चेंडू समोरच्यांकडे. हे पाहून आलेल्या माणसाला १५ जणांच्या सामन्यातली झोंबाझोंबी अनागोंदी वाटणारच.

सेव्हन्सपासून सुरुवात करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. सेव्हन्स पाहून पळण्याची आणि पासची मजा कळते, आवड लागते, हे खरं. पण मैदान मोकळं असल्यामुळे जमिनीवरच्या चेंडूसाठीची झुंज त्यात थोडीच दिसते, आणि १५ जणांच्या खेळाचा जीव त्या झुंजीतच आहे. एक संध्याकाळ सेव्हन्सला द्या आणि लगेच १५ कडे या.

टॅकल झाला की डाव संपला असं समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आपले डोळे कबड्डीवर तयार झालेले. चढाईवाला पकडला गेला की गुण मिळाला आणि सगळे आपापल्या जागी परतले. रग्बीत पकड झाली की खरी लढत सुरू होते, आणि नेमक्या त्याच क्षणी नवा प्रेक्षक मान वळवून चिवडा घेतो.

टॅकलनंतर काय होतं ते सावकाश समजून घ्या. चेंडूवाला पडला की त्याला चेंडू कवटाळून ठेवता येत नाही. त्याने तो लगेच सोडायचा, पास करायचा किंवा हात लांब करून आपल्या बाजूला ठेवायचा. पाडणाऱ्यानेही त्याला ताबडतोब सोडून बाजूला व्हायचं. आता समोरच्या संघाचा जो खेळाडू आधी पोहोचतो, तो आपल्या बाजूने सरळ आत आला असेल आणि स्वतःच्या पायांवर उभा असेल, तर वाकून चेंडू हाताने ओढू शकतो. पडलेल्याने अशा वेळी चेंडू धरून ठेवला तर समोरच्यांना पेनल्टी, म्हणजे चुकीबद्दल मिळणारी मोकळी खेळी. म्हणूनच चेंडूवाल्याचे साथीदार जिवाच्या आकांताने धावत येतात आणि त्या वाकलेल्या माणसाला ढकलून काढतात. दोन्हीकडचे उभे खेळाडू जमिनीवरच्या चेंडूवर एकमेकांना भिडले की त्याला रक म्हणतात. त्यानंतर नव्याने कुणी हात घालायचा नाही, फक्त रेटायचं. तुम्हाला जो ढिगारा दिसतो, त्यात प्रत्येकाचं काम इतकं ठरलेलं असतं.

याचा बाहेरच्या खेळाडूंशी संबंध काय? रकमध्ये असलेल्या आपल्या शेवटच्या खेळाडूच्या मागच्या पायापासून मैदानाच्या रुंदीभर एक न आखलेली रेषा असते. बाकीच्या बचावपटूंना तिच्या मागेच थांबावं लागतं. चेंडू झटकन, तीन सेकंदांच्या आत बाहेर आला, तर बचाव अजून मागे सरकत असतो, कुणी उठत असतो, आणि हल्ल्याला भगदाड सापडतं. चेंडू पाच-सहा सेकंद अडकला, तर समोर भिंत उभी राहिलेली असते. ट्राय लागल्यावर, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपाशी पोहोचून चेंडू जमिनीला टेकवल्यावर, सगळे पळणाऱ्याचं कौतुक करतात. मी रिप्लेमध्ये त्याच्या आधीचे दोन रक बघतो. बहुतेक वेळा उत्तर तिथे मिळतं.

एक सराव सांगतो. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक टॅकलनंतर मनात एक, दोन, तीन मोजा. सोबत एवढंच बघा की खेळाडू पडला तो आधीच्या रकच्या पुढे की मागे. जो संघ सारखा पुढे पडतोय आणि तीनच्या आत चेंडू काढतोय, तो सामना हातात घेतोय, मग गुणफलक काहीही म्हणो. एका बैठकीत नजर बसते. आमच्याकडच्या एका काकूंनी मध्यंतराच्या आतच सांगितलं होतं, "निळ्यांचा चेंडू फार उशिरा निघतोय हो." निळे हरले.

"पुढे का टाकत नाही?" आणि "पायाने का उडवला?"

चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही, मागे किंवा सरळ आडवाच. पायाने मात्र पुढे मारता येतो. हे माहीत असूनही दोन ठिकाणी लोक अडखळतात.

पहिलं, कधी कधी पास मैदानावरच्या रेषांच्या हिशेबाने पुढे गेलेला दिसतो आणि रेफरी काहीच म्हणत नाही. कारण चेंडू हातातून कोणत्या दिशेने सुटला हे बघायचं असतं. भरधाव पळणाऱ्याने मागे टाकलेला चेंडूही त्याच्या वेगामुळे थोडा पुढे सरकतो.

दुसरं, मेहनतीने मिळवलेला चेंडू लाथेने समोरच्यांना देऊन टाकणं हा लोकांना वेडेपणा वाटतो. पण आपल्याच गोलरेषेजवळ हाताने खेळताना एक चूक झाली तरी थेट गुण जातात. त्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला त्याच्या टोकाला नेऊन तिथे चुका करायला लावणं शहाणपणाचं. शिवाय हल्ली ५०-२२ चा नियम आहे: आपल्या अर्ध्या भागातून मारलेला चेंडू टप्पा खाऊन समोरच्यांच्या २२ मीटर पट्ट्यात बाजूच्या रेषेबाहेर गेला, तर लाइनआउटचा (बाहेर गेलेला चेंडू दोन संघांच्या रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करतात, त्याचा) चेंडू मारणाऱ्या संघालाच मिळतो. त्यामुळे बचावाला दोन माणसं मागे ठेवावी लागतात आणि पुढची भिंत पातळ होते. किक दिसली की चेंडू कुठे पडला आणि तिथे आधी कोण पोहोचलं, हे बघा.

फक्त ट्राय मोजणं

ट्राय ५ गुण, त्यानंतर खांबांमधून मारायची किक म्हणजे कन्व्हर्जन २, पेनल्टी खांबांमधून मारली तर ३, चालू खेळात चेंडूला टप्पा देऊन खांबांमधून मारलेला ड्रॉप गोल ३. कन्व्हर्जन जिथे चेंडू टेकवला त्या रेषेत मागे येऊन मारायचं असतं. म्हणून रेषा ओलांडलेला खेळाडूही खांबांच्या मधोमध यायला धडपडतो. नुसती रेषा ओलांडून भागत नाही, चेंडू जमिनीला टेकवावाच लागतो.

पेनल्टीला क्षुल्लक समजणाऱ्यांनी २०२३ च्या वर्ल्ड कपचा पॅरिसमधला अंतिम सामना पाहावा. न्यूझीलंडने ट्राय केला, दक्षिण आफ्रिकेने एकही नाही. निकाल १२-११, दक्षिण आफ्रिका विजयी, आणि ते बाराही गुण हँड्रे पोलार्डच्या चार पेनल्टींचे. आपल्याकडचं उदाहरण मला अधिक प्रिय आहे. २०१९ च्या जूनमध्ये मनिलात भारताच्या महिलांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. १५ जणींच्या रग्बीतला भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि तो हाती आला सुमित्रा नायकने अखेरीस मारलेल्या पेनल्टीने.

पेनल्टी मिळाली की कॅप्टनकडे बघा. खांबांकडे बोट केलं तर तीन गुण पुरेसे वाटतायत. चेंडू बाजूला बाहेर मारला तर लाइनआउट त्यांचाच राहतो, म्हणजे ट्रायवर डोळा आहे. स्क्रम (दोन्हीकडच्या आठ-आठ जणांची वाकून रेटारेटी) मागितला तर समोरच्यांची पुढची फळी थकलीय असा त्यांचा अंदाज आहे. सामन्याची दिशा या एका निर्णयात कळते.

आवाज बंद ठेवून पाहणं

गप्पांसाठी टीव्ही म्यूट करू नका. मोठ्या सामन्यांत रेफरीच्या अंगावर माइक असतो आणि तो खेळाडूंना काय सांगतोय ते आपल्याला ऐकू येतं: सोड, मागे हो, बाजूला जा. नियम शिकवणारा याहून चांगला शिक्षक घरबसल्या मिळणार नाही.

त्याच्या हातावरही लक्ष ठेवा. चूक झाली, हात एका बाजूला लांब झाला आणि खेळ चालूच राहिला, तर त्याला ॲडव्हान्टेज म्हणतात. ज्यांच्याविरुद्ध चूक झाली त्यांना आधी खेळून बघायची संधी दिलेली असते. काही साधलं नाही तर शिट्टी वाजते आणि खेळ मूळ जागी येतो. अशा वेळी एखादा संघ अचानक धाडसी लांब पास किंवा उंच किक का मारतो, हेही मग उमगतं: फसलं तरी पेनल्टी शिल्लकच असते. शिट्टीनंतर हात तिरका वर गेला तर पेनल्टी, आडवा राहिला तर स्क्रम, कोपरात वाकला तर फ्री किक, म्हणजे पेनल्टीहून हलकी शिक्षा.

स्क्रमच्या वेळी चहा टाकायला उठणं

आठ विरुद्ध आठ माणसं वाकून एकमेकांना भिडतात, कोसळतात, पुन्हा लागतात. कंटाळवाणं वाटतं, मान्य. पण जर्सीवरचा १ ते ३ क्रमांक असलेल्यांचे खांदे बघा. कुणाची पाठ वर उचलली जातेय, कुणाचं कोपर जमिनीकडे चाललंय? एकच संघ सारखा मागे सरकत असेल तर पेनल्टींची रांग लागणार आणि पुढे कार्डही निघणार. शिवाय स्क्रममध्ये १६ जण एका जागी गुंतल्यामुळे बाकीच्या मैदानात मोकळी जागा असते. सर्वांत देखणे हल्ले बरेचदा इथूनच निघतात.

कार्ड निघालं की भांडण झालं असं समजणं

रग्बी म्हणजे मोकाट धक्काबुक्की, हा समज मुलांसमोर तरी बोलून दाखवू नका. खांद्याच्या वर टॅकल करणं गुन्हा आहे, चेंडू नसलेल्याला पाडणं गुन्हा आहे, हवेत झेप घेतलेल्याला धरणंही. पिवळं कार्ड म्हणजे १० मिनिटं बाहेर, सेव्हन्समध्ये २ मिनिटं. लाल म्हणजे तो खेळाडू परत येत नाही. अलीकडच्या काही स्पर्धांत २० मिनिटांनंतर त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो. १४ जणांविरुद्ध खेळणारा संघ मोकळी जागा शोधून तिकडे चेंडू नेतो की नाही, ते या वेळात बघायचं.

घड्याळ ८० वर गेलं म्हणून उठणं

८० मिनिटं झाली तरी चेंडू खेळात असेपर्यंत सामना संपत नाही, आणि त्या वेळी पेनल्टी मिळाली तर ती खेळली जातेच. २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्रायटनला जपान दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २९-३२ असा मागे होता. वेळ संपत आलेली, पेनल्टी मिळालेली. तीन गुण घेतले असते तर बरोबरी, आणि तीसुद्धा इतिहासात नोंदली गेली असती. जपानने स्क्रम मागितला. ८० मिनिटं उलटून गेल्यावर चेंडू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि कार्न हेस्केथने कोपऱ्यात ट्राय टेकवला. ३४-३२. मी नव्या माणसाला हा शेवट दाखवतो तेव्हा त्याला आधी हे सगळं सांगून ठेवतो: पेनल्टी म्हणजे काय, स्क्रम का मागितला, ८० मिनिटं झाली तरी खेळ का थांबवत नाहीत. मग त्याला काही समजवावं लागत नाही.

वेळ न बघता सामना निवडणं

परदेशी खेळ म्हणजे रात्रीचं जागरण, असं इथे बरेच जण धरून चालतात. फेब्रुवारी-मार्चमधले सिक्स नेशन्सचे शनिवारचे सामने आपल्याकडे साधारण पावणेआठ आणि सव्वादहाच्या सुमारास सुरू होतात. पावणेआठचा धरला तर मध्यंतर आणि थांबे जमेस धरून साडेनऊ-पावणेदहाला मोकळे; सराफ्यातल्या खाऊगल्लीत तेव्हा गर्दी भरायला लागलेली असते. दक्षिण आफ्रिकेतला संध्याकाळी पाचचा सामना आपल्याकडे साडेआठला. न्यूझीलंडमध्ये ऑगस्टच्या शनिवारी संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुरू होणारा सामना तर आपल्याकडे दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांनी असतो. घरातल्या मुलांसोबत पहिला सामना पाहायचा असेल तर हाच निवडा. मध्यरात्रीनंतरचे अर्जेंटिनातले सामने सवय लागल्यावर.