झाडीतलं घर शोधताय? या चुका टाळा

एरंडवणं, कर्वेनगर, सहकारनगर, औंधची सिंध सोसायटी, कोथरूडची मयूर कॉलनी. पुण्यात ‘झाडीतलं घर हवं’ म्हणणारी मंडळी फिरूनफिरून याच भागांत येतात. मेच्या भर दुपारी गुलमोहोराखाली गाडी लावतात, वर बघतात आणि तिथंच विरघळतात. शनिवारी फ्लॅट बघायचा, रविवारी टोकन द्यायचं. एजंटला आणखी काय हवं?

झाड कोणाच्या हद्दीत आहे, हे न विचारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बाल्कनीसमोरचा आंबा बहुतेक वेळा शेजारच्या बंगल्यातला असतो, बंगल्यात एकट्या आजी असतात आणि मुलं परदेशात. पुढचं प्रकरण ठरलेलं. बंगला बिल्डरकडे जातो, कंपाउंडला पत्रे लागतात आणि आंब्याच्या जागी पार्किंगचे मजले व त्यावर इमारत उभी राहते. ‘झाडावर नोटीस लागली तेव्हा हरकत का घेतली नाही?’ असं विचारलं, तर नोटीस लागते हेच खरेदीदाराला ठाऊक नसतं. झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते हे खरं, पण ती मिळतेही. बदल्यात लावलेली रोपं तुमच्या बाल्कनीसमोर येतील अशी आशा नको. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण मिळालं. बंगल्यातल्या पंचवीस-तीस वर्षांच्या आंब्याला ते लागू नाही.

तेव्हा घर बघायला जाताना टेप न्या आणि आधी गल्ली मोजा, कंपाउंडपासून समोरच्या कंपाउंडपर्यंत. डिसेंबर 2020 च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर सर्वसाधारणपणे टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) आणि प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) मिळत नाही, म्हणून तिथं उंच इमारत बांधणं बिल्डरला परवडत नाही. गल्लीतली सावली टिकली आहे ती अनेकदा या अरुंदपणामुळे. मोजून झालं की महापालिकेत जाऊन विकास आराखड्यात तोच रस्ता किती रुंद दाखवलाय ते बघा. 2020 मध्येच पुण्यातले 6 मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते 9 मीटर करण्याचा प्रस्ताव आला होता. रुंदीकरण आलं की आधी कडेची झाडं जातात, मग शेजारचे बंगले. शांत गल्ली म्हणून जास्त भाव मोजण्याआधी एवढा एक हेलपाटा घालायला काय हरकत आहे?

ओढ्याकाठच्या गर्द झाडीवर भाळणं

झाडी सगळ्यात दाट ओढ्याकाठी असते, आणि मागच्या खिडकीतून ती दिसते म्हणून लोक खूश होतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत पाणी घुसलं. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं दगावली. घर दुसऱ्या मजल्यावर असलं तरी गाडी, पाण्याची मोटर आणि मीटरचं पॅनेल खालीच असतात. पार्किंगच्या खांबांवर पाण्याची जुनी रेघ शोधा. मीटर जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते बघा. मुद्दाम वर चढवलेले असतील तर कारण विचारा. एजंटला नाही, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला. नदीकाठी असाल तर पूररेषेचा नकाशाही बघा: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या.

बाकीच्या चुका किरकोळ वाटतात, पण पैसे खातात. घर फक्त उन्हाळ्यात बघू नका. जुलैत उत्तरेच्या भिंतीला हात लावा, कपाटाच्या मागचा वास घ्या. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर तिथं ओल आहे असंच धरून चाला.

गच्चीवर चढा. पावसाळी पाइपांची तोंडं पानांनी बुजली असतील, तर वरच्या मजल्याचं छत गळणारच. प्लास्टरच्या भेगेत पिंपळ किंवा उंबर उगवलेला दिसला, तर नुसता छाटून भागत नाही. मुळं आत शिरलेली असतात, प्लास्टर फोडून ती काढावी लागतात. सोलरचं पाणी असेल तर सकाळी दहाच्या सुमाराला पॅनेलवर सावली पडते का, तेही बघा.

खाली आल्यावर ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडायला लावा. आत केसांसारख्या मुळांचा पुंजका दिसला, तर चोकअप दर पावसाळ्याला ठरलेला.

गुलमोहोराखाली गाडी लावायची जागा मिळतेय म्हणून खूश होऊ नका. त्याची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. वळवाच्या पहिल्या वादळात फांद्या गाडीवर येतात. छाटणीलाही उद्यान विभागाची परवानगी लागते, माळ्याला पाचशे रुपये देऊन काम उरकलं असं होत नाही.

जुन्या सोसायटीत प्रॉपर्टी कार्ड (जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा) सोसायटीच्या नावावर झालंय का, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणारा दस्त, झालंय का, ते विचारा. शेवटच्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. पुनर्विकासाचा विषय त्यांतच सापडतो, नाहीतर सामान लावून होतं न होतं तोच भाड्याच्या घरात जायची वेळ येते.

एजंट सांगतो तो एरिया बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंतींची जाडीही धरलेला असतो. खोल्या आतून टेपनं मोजा, आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोज्यांची वकिलानं केलेली तपासणी) हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका, मग एजंट ‘दुसरी पार्टी तयार आहे’ म्हणून कितीही फोन करो.